मालवण-तारकर्ली: राहायचं कुठे? (सासूबाईंचे गुडघे विरुद्ध नवऱ्याचं पापलेट)

रेवा_कोथरूड

नमस्कार मंडळी,

25 ते 29 डिसेंबर मालवणला जायचं घाटतंय. माणसं आठ. आम्ही दोघं, दोन मुलं (11 आणि 6), सासू-सासरे, नणंद आणि तिचे यजमान. पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर करणार आहोत.

अडचण अशी की सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. सपाटीवर मस्त चालतात, पण जिना नको आणि खाली बसणं तर नाहीच. शिवाय त्या शाकाहारी. कांदा-लसूण चालतो, पण माशाच्या तव्यावरची पोळी नाही चालत. सासरे आणि नवरा मात्र निव्वळ माशांसाठी येतायत. मुलांना समुद्र हवा. मला चार दिवस "आज काय करायचं?" हा प्रश्न कोणी विचारायला नको, एवढंच.

तीन ठिकाणं काढली आहेत:
अ) देवबागला समुद्राला लागून घरगुती सोय, खोलीला 2200.
ब) तारकर्लीजवळ रिसॉर्ट, पोहायचा तलाव, नाश्ता धरून 6800.
क) मालवणात बाजारपेठेजवळ हॉटेल, 3500. लिफ्ट आहे म्हणतात.

इतके फोटो बघितले की आता सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात. पांढरी चादर आणि त्यावर टॉवेलचा हंस. तुम्ही नेमकं काय बघून ठरवता?

गोट्या_दि_ग्रेट

हंस असेल तिथे जाऊ नये. ज्याला टॉवेलचा हंस करायला वेळ आहे त्याच्याकडे गिऱ्हाईक नाही.

माधवी_न

'अ' डोळे झाकून. कोकणात जाऊन रिसॉर्टमध्ये राहायचं तर मग मुळशीला काय वाईट? सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, दुपारी चुलीवरचा भात, संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून गप्पा. आम्ही गेलो तेव्हा पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासळीचं मोठं जाळं) ओढताना बघायला मिळाली. मुलांनी दोरीला हात लावला, तर तिथल्या एका काकांनी त्यांच्या हातावर दोन तारल्या ठेवल्या. रिसॉर्टवाले असलं काही देणार आहेत का?

सुमेध७१

माधवीताई, तारल्या सासूबाईंना चालणार नाहीत. :)

पमाकाकू

रेवा, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची आहे आणि माझाही एक गुडघा नवा आहे, म्हणून लिहिते. सगळे समुद्र बघतात, मी आधी न्हाणीघर बघते.

फोन करून विचारायचं ते असं. कमोड आहे का, हा पहिला प्रश्न. त्यावर "वेस्टर्न आहे" म्हणतात, पण तो एकाच खोलीला असतो आणि ती खोली नेमकी वरच्या मजल्यावर असते. बाथरूमच्या दाराशी उंबरा किती उंच आहे? फरशी गुळगुळीत आहे का? अंघोळीला बसायला प्लास्टिकचं स्टूल मिळेल का? (मिळतं, मागावं लागतं.) कमोडशेजारी धरायला दांडी असेल तर नशीबच. नसेल तर निदान वॉश बेसिन हाताच्या अंतरावर हवं. बेसिन भक्कम असेलच असं नाही, हेही ध्यानात ठेव.

पलंगाची उंचीसुद्धा विचार. घरगुती ठिकाणी बैठे दिवाण असतात. तरुणांना छान वाटतात, पण मला त्यावरून उठवायला दोन माणसं लागतात.

आणि "तळमजला आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. कोकणात जोतं उंच असतं. तळमजल्याला चार-पाच पायऱ्या आणि कठडा नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

रेवा_कोथरूड

पमाकाकू, हे सगळं लिहून घेतलं. उंबऱ्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

बाबू_देवबाग

मी हयलोच, म्हणान सांगतंय. फोटोंत काय समाजना नाय गो बाय, फोन करून इचारा.

(आता शुद्ध मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याहून दुरुस्तीपत्रक येईल.)

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. रस्ता एकच आणि तोही अरुंद. ख्रिसमस ते एक जानेवारी या दिवसांत संध्याकाळी त्या रस्त्यावर गाड्या अडकतात त्या अडकतातच. तुमचा टेम्पो ट्रॅव्हलर घरापर्यंत येतो की रस्त्यावरच थांबतो, हे आधी विचारा. पुष्कळ घरं वाडीत आत आहेत, शेवटचा भाग माडांच्या मधून वाळूतून चालायचा. आजींना वाळूत चालणं जिन्यापेक्षा जड जाईल.

दुसरं पाणी. एका बाजूला खारं आणि दुसऱ्या बाजूला खाडी, त्यामुळे काही विहिरींचं पाणी मचूळ लागतं. प्यायला बाटलीबंद घ्याल, पण अंघोळीला साबणाचा फेस होत नाही म्हणून कटकट करू नका.

आमच्या नात्यातल्यांच्या खोल्या आहेत इथे, पण त्यांची जाहिरात करत नाही. तुमच्या मंडळींना देवबाग राहायला नको, बघायला या. सकाळी होडीतून संगम, त्सुनामी आयलंड करा, दुपारी मासे खा आणि परत जा.

माधवी_न

बाबूदादा, तुम्हीच असं म्हणालात तर आम्ही काय बोलणार!

बाबू_देवबाग

गिऱ्हाईक नाराज होऊन गेलो तर तो रेव्ह्यू लिवता. न इलेलो बरो.

कऱ्हाडचा_पाहुणा

थोडं वेगळं मत मांडतो. रिसॉर्टची एवढी टिंगल कशाला? आठ माणसं, तीन पिढ्या, चार दिवस. यात सुट्टी कोणाची आहे हे ठरवा. घरगुती ठिकाणी यजमानीण एकटी राबत असते, ते बघून आपल्या बायका उठून पोळ्या लाटायला जातात. माझ्या आईने गणपतीपुळ्याला एका घरी तांदूळ निवडून दिले होते. तिला मजा आली, पण बायको म्हणाली की हेच करायचं होतं तर घरी काय वाईट होतं.

तलाव असला की मुलं दोन तास हलत नाहीत. समुद्रात सहा वर्षांच्या पोराला सोडून खुर्चीत बसता येत नाही. तलावातही येत नाही म्हणा, पण निदान तो एका जागी असतो.

रेवा_कोथरूड

"सुट्टी कोणाची" हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सगळ्यांची." म्हणजे माझी नाही.

गोट्या_दि_ग्रेट

सगळ्यांची सुट्टी = एकीची ड्युटी.

सीए_गल्लीतला

पैशांचं थोडं. 6800 मध्ये कर धरलाय का, ते विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झालाय, आधी 12 होता. 7500 च्या वर गेलात की 18. त्यामुळे ख्रिसमसचा 'पीक सीझन' दर लावून तीच खोली 7800 ची झाली तर फरक फक्त हजाराचा राहत नाही, करही उडी मारतो. अशा महागड्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटलाही बहुधा 18 टक्के लागतो. साध्या खानावळीत 5.

घरगुती सोयीवाले बहुतेक नोंदणीच्या मर्यादेखाली असतात, ते जीएसटी लावत नाहीत आणि लावूही नये. कच्च्या बिलावर कोणी "जीएसटी 12%" लिहून दिला तर त्यांचा नोंदणी क्रमांक मागा, लगेच हिशेब बदलतो.

सर्व्हिस चार्ज वेगळा. तो कर नव्हे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. काढून टाका म्हटलं की काढतात. फक्त सासऱ्यांसमोर म्हणू नका, त्यांना लाज वाटते. आमच्याकडे वाटते.

मनीषा_ठाणे

आणखी एक मेख म्हणजे खोलीचा दर दोघांचा असतो. आठ माणसांना तीन खोल्या घेणार असाल तर दोन माणसं जास्तीची. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे बहुतेक ठिकाणी रात्री नऊ वाजता दारात टाकलेली गादी. सहा वर्षांचं मूल फुकट की पैसे, हेही प्रत्येकाचं वेगळं. कुठे पाचपर्यंत फुकट, कुठे आठपर्यंत. आणि फुकट म्हणजे झोपायला फुकट, नाश्त्याला नाही!

नाश्ता धरून असेल तर त्याला सीपी म्हणतात. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. मालवणात एपी कधीच घेऊ नका. बाहेर इतकं चांगलं जेवण असताना हॉटेलातली पनीर भाजी खात कोण बसणार?

सुमेध७१

सासूबाई बसणार.

पमाकाकू

सुमेध, सासूबाई पनीर खात नाहीत. हा गैरसमज सगळ्या हॉटेलवाल्यांचा आहे. "शाकाहारी" म्हटलं की पनीर आणतात. मालवणी घरात काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, डाळीची आमटी आणि सोलकढी अशी काय सुरेख ताटं असतात! घरगुती ठिकाणाचा हा एक मोठा फायदा, माधवीचं इथे बरोबर आहे. फक्त तवा वेगळा ठेवाल का, हे आधी सांगायचं. बहुतेक जणी मनापासून ठेवतात. त्यांच्याच घरात सोमवारी मासे शिजत नसतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बाबू_देवबाग

काकूंनी बरोबर सांगितलं. सोमवार तर आहेच, काही घरांत गुरुवार-शनिवारही पाळतात. ख्रिसमसच्या आधी येणाऱ्यांनी मार्गशीर्षातले गुरुवार बघून यावं. मुंबईहून एक मंडळी खास माशांसाठी आली, गुरुवार निघाला, आणि घरात लक्ष्मीची पूजा मांडलेली. त्यांना बाजारातल्या खानावळीत धाडलं.

घाटावरचा_नंदू

मग 25 डिसेंबरचा हट्ट कशाला? आठवडाभर आधी जा. दर निम्म्यावर, रस्ते मोकळे. शाळा चार दिवस बुडली तर आकाश कोसळत नाही.

रेवा_कोथरूड

नंदू, नणंदबाई शिक्षिका आहेत. कोसळतं.

विलास_राजापूर

ख्रिसमस टाळून फेब्रुवारीत जाणाऱ्यांसाठी: आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कधी आहे ते बघा. तिथी ठरलेली नसते, कौल लावून तारीख ठरते आणि मग जाहीर होते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण-कणकवली पट्ट्यात खोली मिळणं कठीण. महाशिवरात्रीला कुणकेश्वरचं तसंच. आणि मेअखेर ते ऑगस्टअखेर पाण्यातले खेळ बंद. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात नसतात. जून-जुलैत मासेमारी बंद, त्या दिवसांत "ताजी सुरमई" कोणी वाढली तर ती बर्फातून आलीय हे समजून खावी.

न्यूजर्सीची_नमू

थोडं अवांतर, पण परदेशातून येणाऱ्यांना उपयोगी पडेल. आम्ही गेल्या हिवाळ्यात आलो होतो. माझा पासपोर्ट भारतीय, मुलांचे अमेरिकन. वेंगुर्ल्याकडच्या एका घरगुती ठिकाणी यजमान म्हणाले, "परदेशी पासपोर्ट असेल तर आम्हाला जमत नाही." मला आधी राग आला. मग कळलं, परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत ऑनलाइन 'सी फॉर्म' भरावा लागतो, आणि ज्यांची त्यासाठी नोंदणी नाही त्यांची अडचण होते. मोठ्या हॉटेलांना सवय असते. ठरवतानाच सांगून टाका, रात्री दारात उभं राहून वाद नको.

मनीषा_ठाणे

ओळखपत्रावरून आठवलं. सगळीकडे आधारची झेरॉक्स मागतात. आधारच्या साइटवरून मास्क्ड प्रत मिळते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ती द्यावी. आठ माणसांचे पूर्ण आधार एखाद्याच्या व्हॉट्सअॅपवर कशाला पडून ठेवायचे?

गोट्या_दि_ग्रेट

माझ्या आधारवरचा फोटो बघून मला कोणीच खोली देत नाही.

कऱ्हाडचा_पाहुणा

बुकिंग कुठून करता ते सांगा मंडळी. अॅपवरून की थेट? माझा अनुभव, अॅपवर बघायचं आणि फोन करून थेट घ्यायचं. अॅपवाल्यांचं कमिशन वाचतं, त्यातलं थोडं ते आपल्याला सोडतात.

विलास_राजापूर

थेट घ्या, पण नंबर कुठून मिळाला ते बघा. माझ्या मेव्हण्याने नकाशावर सापडलेल्या नंबरला फोन केला. समोरचा गोड बोलला, खोल्यांचे फोटो पाठवले, निम्मी रक्कम यूपीआयवर मागितली. पैसे गेले. हॉटेलात विचारलं तर ते म्हणाले, हा आमचा नंबरच नाही. फोटो मात्र त्यांचेच होते.

तेव्हापासून आमच्या घरात नियम असा की पैसे पाठवताना यूपीआयवर जे नाव येतं ते हॉटेलच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळलं पाहिजे. नंबर दोन ठिकाणी ताडून बघायचा. शक्य असेल तर हॉटेलच्या शेजारच्या दुकानाला फोन लावून विचारायचं, कोकणात हे सहज होतं. आणि फसलातच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. उशीर झाला की पैसे पुढे सरकलेले असतात.

सीए_गल्लीतला

यात भर: अॅपवर 'नॉन रिफंडेबल' पाचशे रुपयांनी स्वस्त दिसतं. आठ माणसांत दोन म्हातारी, दोन पोरं. कोणाला ना कोणाला ताप येणारच. रद्द करता येईल असंच घ्या.

माधवी_न

रेव्ह्यूंचं काय करता? मला पाच तारेवाल्यांवर विश्वास नाही. "अप्रतिम! एकदा अवश्य भेट द्या!!" हे मालकाच्या भाच्याने लिहिलेलं असतं.

मनीषा_ठाणे

मी तीन तारेवाले वाचते. एक तारावाला भांडून आलेला असतो आणि पाचवाला भारावून आलेला. तीनवाला सांगतो, "जेवण उत्तम, पण रात्री अकराला जनरेटर सुरू झाला आणि तो आमच्या खिडकीखाली होता." मला हेच हवं असतं. क्रम 'नवीन आधी' असा लावायचा, कारण मालक बदलले, आचारी बदलला की जुन्याला अर्थ उरत नाही. आणि हॉटेलने टाकलेले फोटो सोडून पाहुण्यांनी टाकलेले बघायचे. पाहुणा बाथरूमचा फोटो काढतो तो कौतुकाने काढत नाही.

घाटावरचा_नंदू

'सी व्ह्यू', 'सी फेसिंग', 'सी टच' यात फसू नका. नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून बघा. एका 'सी व्ह्यू' खोलीतून मी समुद्र पाहिला. गच्चीवरच्या दोन टाक्यांच्या मधून. टाक्या काळ्या होत्या, त्यामुळे समुद्र उठून दिसत होता.

सुमेध७१

आणि समुद्रालगतच्या खोलीत दोन गोष्टी बघाव्यात. एक, एसी. खाऱ्या हवेने गंजतो, मग रात्रभर खडखडतो. दोन, लाइट गेली तर काय. "बॅकअप आहे" म्हणतात, पण इन्व्हर्टरवर दिवा आणि पंखा चालतो, एसी नाही. डिसेंबरात एसी लागणारही नाही म्हणा. पण पंखा बंद झाला की मालवणचे डास लगेच हजर होतात.

पमाकाकू

एक राहिलंच. गरम पाणी. सोलर असेल तर सकाळी पहिल्या दोघांना मिळतं. आम्ही म्हातारे पाचला उठतो, तेव्हा काय ते विचारून ठेव.

अण्णा_निवृत्त

या सगळ्यात एका माणसाचा विचार कोणी केला नाही. ड्रायव्हरचा.

मी एसटीत होतो, त्यामुळे हे माझ्या डोक्यात आधी येतं. पुणे ते मालवण पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट. गगनबावड्याने उतरा, फोंड्याने उतरा की आंबोलीने, मोठी गाडी सांभाळून आणायची असते. तो माणूस रात्री कुठे झोपणार? बहुतेक लोक म्हणतात, "तो गाडीत झोपतो." गाडीत डास, अंघोळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुमची पोरंबाळं त्याच्याच हातात. हॉटेल ठरवताना ड्रायव्हरला झोपायला जागा, अंघोळ आणि जेवण आहे का, हे विचारा. शहरातल्या हॉटेलांत मागे एक खोली असते. घरगुती ठिकाणीही पडवीत सोय करतात, पण सांगावं लागतं.

रेवा_कोथरूड

अण्णा, खरंच मनापासून आभार. उद्याच विचारते.

कऱ्हाडचा_पाहुणा

अण्णा, टोपी काढली.

प्राची_डोंबिवली

मला एक कळत नाही, गाडीच का? रेल्वेने जा की. वंदे भारत कणकवलीला थांबते.

अण्णा_निवृत्त

ती मुंबईहून. त्या पुण्याच्या आहेत.

प्राची_डोंबिवली

अरे हो. बरं, मुंबईकरांसाठी म्हणून लिहिते. आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. आधी गाडीचं तिकीट, मग खोली. उलटं केलंत तर खोली मालवणात आणि तुम्ही डोंबिवलीत. आणि रात्रीच्या कोकणकन्येने गेलात तर सकाळीच कुडाळला उतरता, खोली मिळते बाराला. सामान ठेवायला आणि तोंड धुवायला जागा देता का, हे विचारून ठेवायचं. भले लोक एक मोकळी खोली उघडून देतात. बाकीचे "चेक-इन बारा वाजता" अशी पाटी दाखवतात.

गोट्या_दि_ग्रेट

पुण्यात "चेक-इन एक ते चार बंद."

माधवी_न

आला! या विनोदाची वाटच बघत होते.

बाबू_देवबाग

मूळ प्रश्नावर येऊया. रेवाताई, तुम्ही जे तीन काढले त्यात माझं मत 'क' कडे. बाजारपेठेत राहिलात तर होड्यांचा धक्का चालत जाण्याच्या अंतरावर, खानावळी दाराशी, मेडिकल आहे, डॉक्टर आहेत. सासऱ्यांना मासे, आजींना शाकाहारी जेवण, दोन्ही पाच मिनिटांत. समुद्रासाठी चिवला बीच जवळ आहे, पोरांना संध्याकाळी तिथे सोडा. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर. गाडी तुमच्याकडे आहेच.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं मात्र आजींना आधी सांगा. होडीत चढता-उतरता भरती-ओहोटीप्रमाणे पायरी खाली-वर होते, होडीवाले हात देतात, पण गुडघ्याला नेट लागतो. आत चालणंही बरंच आहे. त्यांना नको असेल तर धामापूरला न्या. तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, सावली. त्या तलावाला 2020 मध्ये जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, पण आमच्याच माणसांना ते ठाऊक नाही. तिथे आजी दोन तास बसतील आणि उठा म्हटलं तर रागावतील.

कऱ्हाडचा_पाहुणा

बाजारातलं हॉटेल म्हणजे रात्री गाड्यांचा आवाज आणि खिडकीतून समोरची भिंत. चार दिवस समुद्राला जाऊन भिंत बघायची? मी अजूनही 'ब' म्हणतो.

पमाकाकू

भिंत बघायला खोलीत थांबतंय कोण? आणि म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावरची वर्दळ आवडते हो. रिसॉर्टमध्ये तरुण तलावात, मुलं तलावात, आणि आम्ही छत्रीखाली बसून इतरांच्या चपला सांभाळायच्या. बाजारात निदान खाजं घ्यायला उतरता येतं.

घाटावरचा_नंदू

दोन रात्री 'क', दोन रात्री 'ब'?

मनीषा_ठाणे

अजिबात नको! आठ माणसांचं सामान, ओले कपडे, चार्जर, औषधांच्या पिशव्या. हॉटेल बदलायचा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस. सकाळी दहाला तिथून हाकलतात, दुपारी दोनला इथे घेतात, मधले चार तास गाडीत.

रेवा_कोथरूड

मंडळी, निकाल सांगते.

तिन्ही ठिकाणी पमाकाकूंची यादी घेऊन फोन केला. 'ब' वाल्यांनी सगळ्याला "येस मॅम" म्हटलं. उंबरा किती उंच? येस मॅम. ख्रिसमसचा दर काय, म्हटल्यावर 9400 अधिक कर, आणि 25 तारखेचं 'गाला डिनर' सक्तीचं, माणशी वेगळे पैसे. तिथेच सोडलं.

'क' ची लिफ्ट आहे, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते! खाली दुकानं, त्यामुळे रिसेप्शनलाच एक जिना. तळाला एकही खोली नाही.

'अ' च्या काकू मात्र फार भल्या निघाल्या. मी गुडघ्यांचं सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, "आमच्याकडे नको, वाळूत चालूचा लागता. माझ्या बहिणीकडे विचारा." बहिणीचं घर मालवण-तारकर्ली रस्त्यावर, समुद्र रस्ता ओलांडून थोडा आत. तळमजल्याला तीन खोल्या, एका खोलीत कमोड आणि दांडीसुद्धा, कारण त्यांच्या सासूबाई तिथे राहायच्या. मी काही म्हणायच्या आत त्यांच्या मुलाने व्हिडिओ पाठवला: गेटपासून चालत, दोन पायऱ्या, त्यांना कठडा, मग बाथरूमचा उंबरा, आणि उंबऱ्याशेजारी स्वतःचं पाऊल ठेवून उंची दाखवली. तवा वेगळा. ड्रायव्हरला मागच्या पडवीत खाट आणि डासांची जाळी. खोलीला 2800, नाश्ता वेगळा. यूपीआयवर नाव जुळलं. आगाऊ थोडेच घेतले.

तलाव नाही. मुलांना अजून सांगितलेलं नाही.

पमाकाकू

शाब्बास! त्या मुलाला माझ्याकडून एक बक्षीस दे.

माधवी_न

म्हणजे शेवटी घरगुतीच! मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं.

कऱ्हाडचा_पाहुणा

तुम्ही देवबाग म्हटलं होतंत. गुण अर्धेच मिळतील.

मनीषा_ठाणे

रेवा, नाव सांग की. आम्हाला फेब्रुवारीत जायचंय.

रेवा_कोथरूड

व्यनि केलाय. इथे नको, लगेच दर वाढतील.

विलास_राजापूर

मनीषाताई, फेब्रुवारी म्हणजे जत्रेची तारीख बघा आधी.

बाबू_देवबाग

ताई, 28 तारीख सोमवार येतो की काय ते कॅलेंडरात बघून ठेवा. सोमवार निघाला तर सासऱ्यांना आदल्या दिवशीच पोटभर खाऊ घाला. आणि सुरमईचा भाव ताटावर बसण्याआधी विचारा. हवा बिघडली की एका रात्रीत बदलतो, मग गिऱ्हाईक म्हणतं लुटलं.

रोहन_बेळगाव

धागा आवडला. हेच सगळं गोकर्णला लागू होईल का? आम्ही सहा जण, आजोबा 82 वर्षांचे, आणि त्यांना किनाऱ्यावर तंबूत राहायचंय.

अण्णा_निवृत्त

रोहन, नवीन धागा काढा. आणि आजोबांना इथे आणा, त्यांच्याशीच बोलू.